छाटलेला परिच्छेद आणि 'पॅरिस रिव्ह्यू'च्या मुलाखतींचे चार खंड

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी एका ज्येष्ठ कादंबरीकारांच्या मुलाखतीचं प्रूफ तपासत होते. पहिल्या प्रुफात त्यांनी सांगितलं होतं, की सातवी-आठवीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी त्यांना वाचनाचं वेड लावलं. गावच्या वाचनालयात अर्नाळकरांचं नवं पुस्तक आल्याचं कळलं की पायात चप्पल न घालता ते धावत सुटायचे. दुसरं प्रूफ त्यांच्याकडून परत आलं तेव्हा तो अख्खा परिच्छेद आडव्या रेघेनं छाटलेला होता आणि समासात तीन युरोपीय लेखकांची नावं लिहिलेली होती. मी खुणेप्रमाणे दुरुस्ती केली, माझं कामच ते. पण तो अनवाणी धावणारा मुलगा अंकातून गेला याची हळहळ मला अजून आहे.

कादंबरीकारांच्या मुलाखती मी त्या दिवसापासून एकाच प्रश्नासाठी वाचते: हा माणूस खरोखर काय वाचून घडला, ते सांगतोय का? 'द पॅरिस रिव्ह्यू इंटरव्ह्यूज' या चार खंडांबद्दल लिहायचं कारणही तेच. इतक्या मोकळेपणानं आपल्या वाचनाबद्दल बोलणारे इतके लेखक एका जागी मला दुसरीकडे भेटलेले नाहीत.

आधी वस्तूबद्दल. 'पॅरिस रिव्ह्यू' हे त्रैमासिक १९५३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालं. पहिल्याच अंकात ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत होती आणि तेव्हापासून मुलाखत हा त्याचा कणा झाला. त्यातल्या निवडक मुलाखती पिकाडोर या प्रकाशनानं २००६ ते २००९ या काळात चार खंडांत काढल्या. प्रत्येक खंडात सोळा, म्हणजे एकूण चौसष्ट. प्रत्येक खंडात क्रम काळाचा आहे, त्यामुळे पन्नासच्या दशकापासून सुरुवात करून आपण थेट या शतकात येतो. माझ्याकडचा दुसरा खंड मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवर मिळालेला, पहिल्या पानावर कुणाची तरी पेन्सिलीतली सही असलेला. बाकीचे तीन नंतर मागवले. त्यातल्या एकाचा कोपरा पाठवणाऱ्यानं नीट न बांधल्यामुळे दुमडून आला. कागद साधा आहे, पिवळा पडतो. पण अक्षराचा आकार डोळ्यांना मानवतो आणि पुस्तक हातात धरून आडवं पडून वाचता येतं. सातआठशे रुपयांच्या जाडजूड कादंबऱ्या मांडीवर घेऊन वाचताना मनगट दुखणाऱ्यांना याची किंमत कळेल.

एकच खंड घ्यायचा तर दुसरा घ्या. कारण त्या खंडात पुस्तकं एकमेकांशी बोलतात.

प्रस्तावना तुर्की कादंबरीकार ऑर्हान पामुक यांची आहे. १९७७ साली इस्तंबूलमध्ये, पंचविशीत, आईच्या घरी राहून पहिली कादंबरी पुरी करण्यासाठी झगडत असताना त्यांनी अमेरिकी कादंबरीकार विल्यम फॉकनरची मुलाखत वाचली. ते वाचन त्यांना कसा धीर देऊन गेलं, ते त्यांनी लिहिलंय. प्रस्तावना संपवून पाच-पन्नास पानं उलटावीत, तर समोर तीच मुलाखत. १९५६ ची. फॉकनर तिथं आपल्या आवडीच्या पुस्तकांची यादी देतो: जुना करार, डिकन्स, कॉनरॅड, आणि 'डॉन किहोटे', जे तो दरवर्षी पुन्हा वाचायचा. आपल्याकडं चातुर्मासात पोथी लावतात तसं दरवर्षी, हे वाचून मी थांबले. माझ्या आजीची 'हरिविजय'ची पोथी अशीच दरवर्षी निघायची आणि तिला ती पाठ असूनही तिनं ती वाचायची कधी थांबवली नाही. त्यापुढं त्याला रहस्यकथांबद्दल विचारलं जातं. फॉकनर सरळ सांगतो, की तो सिमेनाँ वाचतो, कारण त्याला त्यात चेकॉव्हची आठवण येते. नोबेल मिळून सहा-सात वर्षं झालेला माणूस रहस्यकथा वाचतो म्हणून सांगतो आणि वर कारणही देतो. माझ्या मनात तो छाटलेला परिच्छेद परत जिवंत झाला.

त्याच खंडात पुढं कोलंबियाचा कादंबरीकार मार्केझ, १९८१ मधला, म्हणजे नोबेलच्या आदल्या वर्षीचा. बोगोटात विद्यार्थी असताना एका मित्रानं त्याला काफ्काच्या कथा वाचायला दिल्या. खोलीवर येऊन 'मेटॅमॉर्फॉसिस'चं पहिलं वाक्य वाचलं, एक माणूस सकाळी जागा होतो तो किडा होऊनच, आणि तो बिछान्यातून पडायचाच बाकी राहिला. असं लिहायला परवानगी असते हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं, असं त्याचं म्हणणं. मग तो लिहायला बसला. पण काफ्काच्या आधी आजी होती. अंगावर काटा येईल अशा गोष्टी ती चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगायची, आणि एका कादंबरीचा सूर सापडत नव्हता तेव्हा मार्केझनं आजीचाच चेहरा घेतला. फॉकनरबद्दल समीक्षक त्याला सारखे विचारत असत. त्याचं उत्तर फार सुंदर आहे. आईबरोबर जुनं घर विकायला तो आपल्या जन्मगावी, अराकाताकाला गेला, तेव्हा ते गाव, ती उष्णता, केळीच्या बागा आणि फळ कंपनीच्या अमेरिकी माणसांनी मागं ठेवलेली अवकळा हे सगळं त्याला फॉकनरच्या पुस्तकांसारखंच वाटलं. म्हणजे पुस्तकानं त्याला त्याचंच गाव पाहायला शिकवलं. इथं 'प्रभाव' हा शब्द फार तोकडा पडतो. आपल्या समीक्षेत तो पोस्टाच्या शिक्क्यासारखा मारला जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आणि कॅनडाची कथाकार अॅलिस मन्रो. तिला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लेखिकांनी दाखवलं, की लहान गावं, शेतकरी घरं, काठावर राहणारी माणसं यांच्यावर लिहिता येतं. त्यांतली यूडोरा वेल्टी याच खंडात आहे! ओंटारिओतली बाई मिसिसिपीतल्या बाईकडून आपलं गाव लिहायला शिकते आणि दोघी एकाच पुठ्ठ्यात शेजारी. संपादकांनी हे जाणून केलं की आपोआप झालं, मला सांगता येणार नाही, पण वाचताना मी दोघींच्या मुलाखतींत मागंपुढं करत एक रविवार घालवला.

तिसऱ्या खंडात दुसरं काही उलगडतं. पुस्तक घडवतं ते फक्त प्रेमानं नाही, रागानंही घडवतं. जीन ऱ्हीसनं लहानपणी शार्लट ब्रॉन्टेचं 'जेन आयर' वाचलं आणि त्यातली माळ्यावर कोंडलेली वेडी क्रिओल, म्हणजे वेस्ट इंडिजमधली, बायको वाचून तिला प्रश्न पडला: आमच्याकडच्या बायका वेड्याच, असं या लेखिकेला का वाटावं? ऱ्हीस स्वतः कॅरिबियनमधल्या डोमिनिकाची. त्या वेड्या ठरवलेल्या बाईला तिचं आयुष्य मिळवून द्यायचं ऱ्हीसनं ठरवलं आणि 'वाइड सारगासो सी' ही कादंबरी लिहिली. नायजेरियाच्या चिनुआ अचेबेचंही तसंच. शाळेत साहसकथा वाचताना तो गोऱ्या नायकाच्या बाजूनं असायचा. त्या गोष्टीतले रानटी म्हणून दाखवलेले लोक आपणच, हे नंतर उमगलं. त्यावरून तो ती प्रसिद्ध म्हण सांगतो: सिंहांचे स्वतःचे इतिहासकार होत नाहीत तोवर शिकारीचा इतिहास शिकाऱ्याचाच गौरव करणार.

अचेबेच्या मुलाखतीतला एक भाग माझ्या धंद्यातल्या माणसानं श्वास रोखून वाचावा असा आहे. 'थिंग्ज फॉल अपार्ट' या त्याच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित, हातानं लिहिलेली एकमेव प्रत, त्यानं लंडनच्या एका टंकलेखन संस्थेला पोस्टानं पाठवली. पैसेही पाठवले. मग महिनोन् महिने काही नाही. शेवटी नायजेरियन रेडिओतली त्याची वरिष्ठ अँजेला बीटी सुट्टीवर लंडनला गेली असताना स्वतः त्या कार्यालयात जाऊन विचारणा करून आली, तेव्हा कुठं काम झालं. प्रत हरवली असती तर मी बहुधा लिहिणं सोडून दिलं असतं, असं तो म्हणतो. छापखान्यातल्या कपाटात न्यायला न आलेली हस्तलिखितं मी पाहिली आहेत. सुतळीनं बांधलेली. हे वाचून झाल्यावर मी त्यातल्या दोन पाकिटांवरचे पत्ते शोधून पत्रं टाकली.

तिसऱ्याच खंडात सिमेनाँ, ज्याला फॉकनर वाचत होता तो. तरुणपणी तो आपल्या गोष्टी फ्रेंच लेखिका आणि संपादक कोलेतकडं घेऊन जायचा, आणि ती म्हणायची, फार साहित्यिक आहे. तेव्हापासून पुनर्लेखनात त्याचं मुख्य काम म्हणजे विशेषणं, क्रियाविशेषणं आणि केवळ परिणामासाठी आलेला प्रत्येक शब्द काढणं. कादंबरी अकरा दिवसांत, रोज एक प्रकरण. पहिल्या खंडात हेमिंग्वे सांगतो, की एका कादंबरीचा शेवट त्यानं एकोणचाळीस वेळा लिहिला. का, विचारल्यावर उत्तर एवढंच, की शब्द नीट बसत नव्हते. नवख्या लेखकांना दुसऱ्या प्रुफात दोन शब्द बदलायची लाज वाटते, ती वाटू नये म्हणून ही दोन पानं मी त्यांना दाखवते.

पहिल्या खंडातली सगळ्यात वेगळी मुलाखत कादंबरीकाराची नाहीच. ती रॉबर्ट गॉटलिब या संपादकाची आहे, आणि त्याच्याबरोबर बोलतात त्यानं ज्यांची पुस्तकं हाताळली ते लेखक: जोसेफ हेलर, डोरिस लेसिंग, टोनी मॉरिसन आणि इतर. हेलरच्या कादंबरीचं नाव आधी 'कॅच-१८' होतं, पण १९६१ मध्येच लिऑन युरिसची 'मिला १८' येत होती, म्हणून ते 'कॅच-२२' झालं. संपादकाचं काम वाचकाला दिसता कामा नये, हे गॉटलिबचं मत. ते वाचून मला बरं वाटलं. मराठी पुस्तकात मुद्रितशोधकाचं नाव शोधायला गेलात तर बहुतेक वेळा सापडत नाही, आणि मी तक्रार करत नाही, पण काम तरी नीट व्हावं, त्याला पैसे तरी वेळेवर मिळावेत.

आता उणिवा. चौसष्ट जणांत बायका चौदा. आफ्रिकेतून एकटा अचेबे. मुंबईत जन्मलेले रश्दी आणि त्रिनिदादचे नायपॉल आहेत, पण भारतीय भाषेत लिहिणारं एकही नाव नाही. मला हे मनाला लागतं. मराठी, बंगाली, कन्नड, मल्याळम, यांतल्या कुणी कादंबरीकारानं आपल्या आजीबद्दल, पोथीबद्दल, वाचनालयाबद्दल इतक्या निवांतपणे बोलावं आणि कुणी ते इतक्या काळजीनं छापावं, असं वाटत राहतं. दुसरं म्हणजे चौथा खंड मला बाकीच्यांपेक्षा सैल वाटला. जपानी कादंबरीकार मुराकामीचा दिनक्रम, पहाटे चारला उठून पाच-सहा तास काम, मग धावणं किंवा पोहणं, आता सगळ्यांना ठाऊक झालाय. मात्र अमेरिकी लेखिका माया अँजेलूसाठी तो खंड ठेवा. ती काम करायला हॉटेलातली खोली घ्यायची, त्यात शब्दकोश, पर्यायकोश, बायबल, पिवळी वही. बायबल मोठ्यानं वाचायची, भाषेचा नाद कानात यावा म्हणून.

इंग्रजी कठीण नाही, बोलण्यातलंच आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्यानं प्रत्येक मुलाखतीच्या आधीचा छोटा परिच्छेद वगळू नये. तिथं लेखकाची खोली, टेबल, खिडकी दिसते. सलग वाचू नका, आठवड्याला एक पुरे.

गेल्या पावसाळ्यात तो दुसरा खंड मी छापखान्यातल्या डीटीपी करणाऱ्या मुलाला वाचायला दिला. तो स्वतः लिहितो, हे मला नुकतंच कळलं होतं. तीन आठवड्यांनी त्यानं पुस्तक परत आणलं आणि विचारलं, "मॅडम, अर्नाळकर कुठं मिळतील?"