कॅरोलवरच्या रोमान्स नॉव्हेला: डिसेंबर ते जुलै, लोकलमध्ये आणि रात्री तीनला

गेल्या डिसेंबरात सेलमध्ये ९९ रुपयांना एक ई-बुक सेट घेतला होता, बारा नॉव्हेला (लघुकादंबऱ्या), बारा लेखिका, प्रत्येक गोष्ट एकेका ख्रिसमस कॅरोलवर, म्हणजे नाताळच्या गाण्यावर, बेतलेली. तेव्हाच रिव्ह्यू टाकला असता तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते कारण तेव्हा फक्त कव्हर बघितलं होतं, बर्फ, लाल मफलर, खिडकीत दिवा. आता जुलै चालूये, बारातल्या अकरा वाचून झाल्या, एक अर्ध्यात सोडली, तीन परत वाचल्या. सेटचं नाव मुद्दाम देत नाहीये, असे सेट दरवर्षी ढिगाने येतात आणि आत थोड्याफार फरकाने हाच माल असतो.

माझा प्लॅन भारी होता. २५ डिसेंबर ते ५ जानेवारी, रोज एक, कारण ते बारा दिवसांचं गाणं आहे ना, ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस, ते बारा दिवस म्हणजे हेच, नाताळच्या आधीचे नाहीत, नंतरचे. (मला ४२ वर्षं उलटंच वाटत होतं.) पण मी बँकेत आहे, ३१ डिसेंबरला क्वार्टर क्लोजिंग, चौथ्या दिवशीच गाडी रुळावरून घसरली ती मार्च संपेपर्यंत फोनमधलं पुस्तक उघडलंच नाही. मग एप्रिलपासून रात्री तीनला जाग यायला लागली, बायकांना कळेल का ते, आणि तेव्हा ब्राइटनेस शून्यावर आणून परत सुरू केलं. तर एप्रिलच्या उकाड्यात, पंखा पाचवर, बाजूला नवऱ्याचं घोरणं आणि मी इंग्लंडच्या बर्फात. आणि खरं सांगू का, या गोष्टी डिसेंबरात वाचूच नयेत. डिसेंबरात सगळंच गोड वाटतं, कुठली गोष्ट नुसती सजावट आहे आणि कुठलीत खरंच काही आहे ते एप्रिल-मेमध्येच कळतं.

कॅरोलचं म्हणाल तर मी कॉन्व्हेंटची, पियानोवर सिस्टर आणि आम्ही साठ मुली, शब्दांचा अर्थ न कळता घसा फोडून गायचो. डेक द हॉल्सचं ते फा ला ला आम्हाला सगळ्यात आवडायचं कारण तेवढंच नक्की पाठ असायचं. या सेटमधल्या एका लेखिकेने शेवटच्या टिपणात लिहिलंय की ती चाल मुळात वेल्श आहे, नोस गालान, म्हणजे वर्षाची शेवटची रात्र, आणि वेल्शमध्ये जे जुने शब्द मिळतात ते चक्क प्रेमगीत आहे, प्रेयसीच्या छातीशी डोकं ठेवण्याबद्दल. हॉलीच्या फांद्यांनी दिवाणखाना सजवा वगैरे इंग्रजी शब्द १८६२ मध्ये थॉमस ऑलिफंटने लिहिले. मी रात्री सव्वातीनला एकटीच हसले, सिस्टरला माहीत असतं तर?

तसंच जिंगल बेल्स. १८५७ मध्ये बोस्टनला छापलं गेलं, जेम्स पिअरपॉन्टचं, नाव होतं वन हॉर्स ओपन स्ले, आणि पूर्ण गाण्यात ख्रिसमस हा शब्दच नाही. दुसऱ्या कडव्यात हा पोरगा फॅनी ब्राइट नावाच्या मुलीला शेजारी बसवून घसरगाडी काढतो, घोडा मरतुकडा, तो बर्फाच्या ढिगात घुसतो आणि दोघं उलटी. म्हणजे डेटवरच निघालेत की ते! आपण बालवाडीतल्या पोरांना सांताची टोपी घालून हेच नाचायला लावतो. यावर जी नॉव्हेला आहे ती या एका कडव्यातूनच उभी केलीय, गाडी उलटते, रात्र एका गोठ्यात काढावी लागते, आणि अख्खं गाव सकाळी विचारतं की तुम्ही होता कुठे. साधी आहे पण मस्त जमलीय.

तर माझा मुद्दा हाच आहे. बारापैकी पाच-सहा गोष्टींत कॅरोल फक्त टायटलला आहे, आणि एका सीनमध्ये रेडिओवर वाजते, बास. तिच्या जागी दुसरी टाका, काही फरक पडत नाही. अशा गोष्टी नाताळाबरोबर संपतात, नंतर त्यातल्या हिरोचं नावही आठवत नाही (दोघं जॅक होते, एक बहुतेक निक). बाकीच्यांत कॅरोलमधली एखादी वस्तू, एखादी कृती गोष्टीच्या पोटात शिरलेली असते.

सगळ्यात आवडलेली सांगते, आठवी. गुड किंग वेन्सेस्लसवर. गाणं माहीत नसेल तर, राजा नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, बर्फात लाकडं गोळा करणारा गरीब माणूस बघतो आणि जेवण, लाकडं घेऊन स्वतः निघतो, बरोबरचा पोरगा थंडीने गारठतो तेव्हा राजा म्हणतो माझ्या पावलांच्या खुणांत पाय ठेवत ये. शब्द जॉन मेसन नीलचे, १८५३ चे, चाल त्याहून कितीतरी जुनी, १५८२ च्या पुस्तकातली, आणि ते मूळचं वसंताचं गाणं, म्हणजे मुळात नाताळचं नसलेलं हे अजून एक. आता गोष्ट. यॉर्कशायरमधलं खेडं, आजच्या काळातलं, हा गुरांचा डॉक्टर, ही शाळेत संगीत शिकवणारी, दहा वर्षांपूर्वी लग्न ठरता ठरता मोडलेलं. एक मेंढी अडकलीय म्हणून दोघांना रात्री शेत तुडवत जावं लागतं. तो पुढे, ही मागे, बोलणं बंद. ती त्याच्या बुटांच्या खड्ड्यांत पाय टाकत चालते पण त्याच्या ढांगा मोठ्या, हिला उडी मारल्यासारखं जावं लागतं. आणि मग हळूहळू तिच्या लक्षात येतं की खड्डे जवळजवळ यायला लागलेत. तो मागे वळून बघत नाही, काही बोलत नाही, फक्त पावलं लहान टाकतोय. दीड पान आहे हे सगळं. गाण्याचं नावही घेत नाही ती लेखिका त्या सीनमध्ये. मी तीनदा वाचलंय आणि तिन्ही वेळा त्या जागी फोन छातीवर ठेवून थोडा वेळ पंख्याकडे बघत बसलेय.

आणि दुसरं एक लक्षात आलं, नॉव्हेला म्हणजे साधारण वीस ते चाळीस हजार शब्द, माझ्या स्पीडने दोन-तीन तासांचं काम, एवढ्यात दोन अनोळखी माणसं भेटणार, भांडणार, प्रेमात पडणार आणि एपिलॉगमध्ये बाळ, हे जमणं कठीणच. २२ डिसेंबरला भेट, ३१ ला अंगठी. अहो आमच्यात पत्रिका जुळतेय का बघायलाच पंधरा दिवस जातात! म्हणून ज्यात दोघं आधीपासून ओळखतात, सेकंड चान्सवाल्या, त्याच या लांबीत नीट बसतात, अर्धं काम जुन्या आठवणी करून टाकतात.

ट्वेल्व्ह डेजवाली गोष्ट मला वैयक्तिक कारणाने आवडली, हिरॉइन अकाउंटंट आहे. कोणीतरी निनावी माणूस रोज दाराशी भेटी ठेवतोय आणि ती हिशेब लिहितेय. गाण्यात पहिल्या दिवशी एक भेट, दुसऱ्या दिवशी दोन, असं बाराव्यापर्यंत, आणि रोज आधीच्या सगळ्या भेटी परत येतात, तर एकूण किती? मी दिवा स्टेशन येईपर्यंत तिकिटाच्या मागे बेरीज केली, ३६४. त्यातले १८४ पक्षी. आणि सोन्याच्या अंगठ्या ४०! आजच्या भावाने चाळीस अंगठ्या म्हणजे हा माणूस सरळ आमच्या लॉकर डिपार्टमेंटला पाठवायला हवा. त्याच गोष्टीत एक छान धागा आहे, १७८० च्या छापील पुस्तकात चौथ्या दिवशी कॉली बर्ड्स आहेत, कॉली म्हणजे कोळशासारखे काळे, आणि १९०९ मध्ये फ्रेडरिक ऑस्टिनने आजची चाल बसवली तेव्हा ते कॉलिंग बर्ड्स झाले. हिरॉइन गाते कॉलिंग, भेट येते काळ्या पक्ष्यांची, आणि त्यावरून तिला कळतं की पाठवणारा जुन्या पुस्तकांच्या दुकानातला आहे. हुशार आहे ना?

हॉली अँड आयव्हीवरची (एक काटेरी पानांचं झाड, एक वेल) पण ठीक. जुन्या इंग्रजी गाण्यांत हॉली म्हणजे पुरुष आणि आयव्ही म्हणजे बाई, दोघांचं भांडण, घरात कोणाचं राज्य, तर इथे दोन फुलवाले, समोरासमोर दुकानं. त्यात मिसलटोच्या फांदीखाली मुका घ्यायची ती प्रथा वापरलीय, प्रत्येक मुक्याला फांदीवरचं एक पांढरं बोर तोडायचं आणि बोरं संपली की मुके संपले. फांदीला सात बोरं. तुम्हीच बघा लेखिकेने ती कशी पुरवून पुरवून वापरलीत. पाचवं बोर मी लोकलमध्ये वाचत होते, डोंबिवली फास्ट, चौथी सीट, शेजारच्या मावशी गवार निवडत होत्या. मला वाटलं त्यांचं लक्ष गवारीत आहे. मी लाजून स्क्रीन बंद केली तर म्हणतात, "अगं थांबलीस का, दोन राहिलीत अजून."

हीट लेव्हल, म्हणजे शृंगार किती उघड, ते विचारणाऱ्यांसाठी, सेट मिक्स आहे, आठ-नऊ गोष्टींत बेडरूमचं दार लोटलं की पुढचा चॅप्टर, बाकीच्यांत दार उघडंच राहतं, आणि कुठली कुठल्या प्रकारची ते आधी कुठेही लिहिलेलं नाही. लोकलमध्ये वाचणार असाल तर सांभाळून.

आता राग. एक रीजन्सीवाली आहे, म्हणजे इंग्लंडातल्या लॉर्ड-लेडींच्या त्या जुन्या जमान्यातली, १८१४ साल, लॉर्डसाहेबांचा बंगला, सगळे पाहुणे भल्यामोठ्या ख्रिसमस ट्रीभोवती उभे राहून इंग्रजीत सायलेंट नाइट गातात. अगं बाई, ते गाणं पहिल्यांदा गायलं गेलं २४ डिसेंबर १८१८ ला, ऑस्ट्रियात ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये, जर्मनमध्ये, गिटारवर, योसेफ मोहरचे शब्द आणि ग्रुबरची चाल, आणि आपण गातो ते इंग्रजी १८५९ चं. ट्रीचं म्हणाल तर राणी शार्लटने १८०० मध्ये विंडसरला एक उभारलं होतं पण घराघरांत ते पोचलं १८४८ मध्ये व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं चित्र छापून आल्यानंतर. हे म्हणजे पेशव्यांच्या वाड्यात सार्वजनिक गणपतीचा मांडव घालून समोर लाउडस्पीकर लावण्यासारखं झालं. हीच मी अर्ध्यात सोडली. चूक एकवेळ चालली असती, पण गाण्याची खरी गोष्ट, दोन साधी माणसं, एक गिटार, गावातलं लहानसं चर्च, ही इतकी सुंदर असताना ती टाकून बंगला कशाला?

आणि अमेरिकन कवी लाँगफेलोच्या कवितेवरची, आय हर्ड द बेल्स. त्याने सात वर्षं फॅनी अ‍ॅपलटनची वाट बघितली, तिला भेटायला पूल ओलांडून बोस्टनला चालत जायचा, १८४३ मध्ये लग्न झालं, १८६१ मध्ये ती कपड्यांना आग लागून गेली, दोन वर्षांनी मुलगा अमेरिकेतल्या यादवी युद्धात जखमी झाला आणि त्या नाताळात त्याने ही कविता लिहिली. एवढं हातात असताना लेखिकेने काय केलं, तर एक बेकरी, एक विधुर, आणि घंटेच्या आकाराचे कपकेक. काय बोलणार!

फाईलबद्दल पण सांगते कारण पैसे त्याचेच दिलेत. अनुक्रमणिका दाबली की भलत्याच गोष्टीत जातो. टक्केवारी पूर्ण सेटची दाखवतात त्यामुळे चालू गोष्ट किती उरलीय कळत नाही, दोनदा असं झालं की आता मोठं भांडण होणार म्हणून मी सावरून बसले आणि पान उलटलं तर समाप्त, पुढे पंचवीस पानं लेखिकेच्या पुढच्या सिरीजची जाहिरात. सेटच्या शेवटचा आठ टक्के भाग नुसता जाहिरातीचा. विक्रेत्याला मेल केला होता, उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

एक चांगलं म्हणजे जुन्या कॅरोल कॉपीराइटच्या बाहेर असल्यामुळे बऱ्याच जणींनी चॅप्टरच्या डोक्यावर पूर्ण कडवी छापलीत, अगदी कोणी गात नाही ती चौथी-पाचवीसुद्धा. माझी ऑफिसातली मैत्रीण वसईची, चर्चच्या कॉयरमध्ये गाते, नाताळात त्यांच्याकडे मराठीत कॅरोल गात घरोघरी जातात. ती रोमान्स अजिबात वाचत नाही पण लंच टाइममध्ये माझा फोन घेऊन फक्त ती कडवी वाचते आणि गुणगुणते. मागच्या आठवड्यात वेन्सेस्लसचं वाचता वाचता गोष्टीत घुसली आणि दोन वाजले तरी डबा बंदच. "डॉक्टर बोलतो की नाही शेवटी?" म्हणाली. मी सांगितलं नाही.

घ्यावा का? ९९ ला घ्या, पूर्ण किमतीला नको. एका बैठकीत दोन वाचू नका, चवी एकमेकींत मिसळतात. माझ्याकडून साडेतीन स्टार, अर्धा त्या बुटांच्या खड्ड्यांचा.

परवा पावसात गाडी कुर्ला-सायनच्या मध्ये दीड तास उभी होती, रुळांवर पाणी. मी आठवी तिसऱ्यांदा काढली होती, बर्फात अडकलेले ते दोघं आणि पाण्यात अडकलेल्या आम्ही. शेवटी सगळ्या उतरलो आणि रांगेने खडीवरून निघालो, साडी वर खोचून, पुढचीची चप्पल कुठे पडते ते बघत. गवारवाल्या मावशी पुढे होत्या, मधेमधे थांबत होत्या. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, गोष्ट ६१ टक्क्यांवर.