विकतची झुरळं की अंगणातले टोळ? आमच्या बिअर्डेड ड्रॅगनच्या खाण्याबद्दल

डुबिया झुरळं, काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या, हॉर्नवर्म (शेपटीला शिंग असलेली जाडजूड अळी) आणि रातकिडे असं चारही प्रकारचं जिवंत खाद्य आम्ही शेरूसाठी मागवून पाहिलंय. शेरू म्हणजे माझ्या लेकीचा बिअर्डेड ड्रॅगन. मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातला सरडा, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. माझा कौल आधीच सांगते: नेहमीसाठी डुबिया, जोडीला सोल्जर माशीच्या अळ्या, अधूनमधून हॉर्नवर्म. रातकिडे आम्ही बंद केले.

पण अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या घरी येणारा प्रत्येक मराठी पाहुणा आधी वेगळंच विचारतो. आई साताऱ्याहून आली तेव्हा तिनंही विचारलं, "अगं, मागच्या अंगणात टोळ उड्या मारतायत आणि तू झुरळं विकत आणतेस? आपल्या भिंतीवरच्या पालीला कोण आणून देतं?" प्रश्न रास्त आहे. मोकळ्यावरचा सरडा मिळेल ते खातो, हेही खरं. पण तो त्याच्या मुलखातलं खातो. शेरूच्या पूर्वजांनी न्यू जर्सीचा उन्हाळा कधी पाहिलेला नाही.

सगळ्यात मोठी भीती काजव्यांची. भंडारदऱ्याला काजवे बघायला गाड्या भरून जाणाऱ्या आपल्या माणसांना हे पटकन पटत नाही. इथे जून-जुलैत संध्याकाळ झाली की हिरवळीवरून फोटायनस जातीचे काजवे उठतात. त्यांच्या अंगात ल्युसिब्युफॅजिन नावाचं विष असतं, भेकाच्या विषाच्या जातकुळीतलं, थेट हृदयावर परिणाम करणारं. कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पाळीव सरड्यांच्या अशा मृत्यूंबद्दल लिहिलं, त्यात बिअर्डेड ड्रॅगनही होते. सरडा डोकं झटकतो, जबडा वासून बसतो, अंग काळवंडतं आणि काही तासांत तो जातो. एक काजवा पुरतो. इथले पक्षी आणि कोळी काजवा तोंडाला लागला की टाकून देतात. शेरूला ती समज नाही, तो हलेल त्यावर जीभ टाकतो. म्हणून जून उजाडला की मी त्याला संध्याकाळी बाहेर काढतच नाही, आणि त्याच्या खोलीच्या खिडकीची जाळी स्वतः तपासते.

दुसरी गोष्ट फवारणीची. इथे लॉनवर औषध मारलं की लॉनवाले गवतात छोटी पाटी खोवून जातात. ती पाटी शेजाऱ्याच्या गवतात, आणि टोळ कुंपण ओलांडून आमच्याकडे. तो काल कुठे बसला होता, काय खाऊन आला, कोण सांगणार? त्यात आता लँटर्नफ्लायची भर. २०१४ मध्ये पेन्सिल्व्हेनियात सापडलेली ही कीड पुढे आमच्या राज्यातही आली, आणि दिसली की चिरडा असं सरकारच सांगतं. लोक चिरडतात तशी बाटल्या भरून औषधंही मारतात. एका ओळखीच्या मुलानं सरड्याला फुकटचं खाद्य म्हणून त्या डबाभर पकडल्या होत्या. त्याच्या हातून तो डबा मी काढून घेतला.

आईला मात्र यातलं काही पटलं नव्हतं, ते टोमॅटोच्या झाडापाशी पटलं. मागच्या वाफ्यात तिनंच लावलेल्या रोपावर बोटाएवढी जाड, हिरवीगार, शेपटीला शिंग असलेली अळी बसली होती. तशीच अळी शेरूसाठी आम्ही कपात विकत आणतो. दुकानातला हॉर्नवर्म कारखान्यात केलेल्या लगद्यावर वाढतो, म्हणून निळसर दिसतो आणि खायला निर्धोक असतो. झाडावरचा टोमॅटोचा नाहीतर तंबाखूचा पाला खाऊन वाढतो आणि त्या पाल्यातली विषारी द्रव्यं पोटात घेऊन फिरतो. दोन्ही अळ्या मी तिला शेजारी शेजारी दाखवल्या. अंगावरच्या रेषा, पाय, शिंग, सगळं सारखं. "म्हणजे हिनं काय खाल्लंय त्याचे पैसे देतेस तू," आई म्हणाली. अगदी बरोबर. विकतच्या किड्यात मी त्याचं कालपर्यंतचं खाणं विकत घेते.

रानातल्या किड्यांतून पोटातले जंतही येतात. विकतचे किडे निर्जंतुक असतात असं नाही, रातकिड्यांबरोबर पिनवर्म नावाचे जंत येऊ शकतात. त्यामुळे शेरूची विष्ठा वर्षातून एकदा डॉक्टरकडे तपासायला देतोच.

आता माल कसा आहे ते. डुबिया हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झुरळ. आपल्या मोरीतल्या झुरळाची आठवण काढून नाक मुरडू नका. याला गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढता येत नाही, मादीला उडता येत नाही, आवाज नाही, वास जेमतेम. खोका उघडला की आत अंड्यांच्या ट्रेचे तुकडे उभे रचलेले असतात. एक तुकडा उचलून डब्यावर हलकेच आपटला की भुईमुगाच्या दाण्यांसारखी झुरळं टपटप खाली पडतात आणि लगेच दुसऱ्या तुकड्याखाली घुसतात. मी त्यांना आदल्या दिवशी गाजर, लाल भोपळा आणि कॉलर्डची पानं घालते, कारण त्यांच्या पोटात जे असेल तेच शेरूच्या पोटात जाणार. मग वाटीत घेऊन कॅल्शियमची पूड भुरभुरवायची, वाटी गोल फिरवायची, की झुरळं पांढरी होतात. ही पूड टाळू नका. बहुतेक किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, आणि त्यातून सरड्याची हाडं मऊ पडतात. आकार निवडताना सरड्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर बघा, त्याहून मोठं झुरळ नको. एक सावधगिरी: झुरळांच्या विष्ठेची ॲलर्जी होऊ शकते. घरात कुणाला दमा असेल तर डबा साफ करताना मास्क लावा, किंवा डुबियाचा नादच सोडा.

काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या कॅल्सीवर्म, न्यूट्रीग्रब अशा नावांनी विकतात. यांच्या अंगातच कॅल्शियम भरपूर, म्हणून पूड लागत नाही. लेकीला हे हाताळायला सगळ्यात सोपं जातं. दोष दोन. कातडी चिवट, नीट चावली गेली नाही तर अळी विष्ठेतून अख्खी बाहेर पडलेली दिसते. आणि उबेत कप विसरला तर अळ्या काळ्या पडतात आणि पुढे माश्या होतात. घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा, पण फ्रीजमध्ये नको.

हॉर्नवर्म म्हणजे बहुतेक पाणीच. उन्हाळ्यात शेरू सुस्तावला की एखादा देते, तो त्यावर झडप घालतो. महाग पडतो आणि भराभर वाढतो.

रातकिड्यांबद्दल थोडक्यात: वास मारतात, रात्रभर किरकिरतात, चटकन मरतात, आणि सरड्याच्या पेटीत उरले तर झोपलेल्या सरड्याला चावतात.

घरपोच सेवेबद्दल माझी तक्रार थंडीतली आहे. एका विक्रेत्याकडून जानेवारीत आलेल्या खोक्यातली गरम पिशवी गार पडलेली होती आणि निम्मी झुरळं मेलेली. त्यांनी पैसे परत केले, पण शेरूला आठवडाभर अळ्यांवर काढावा लागला. तेव्हापासून डिसेंबर ते मार्च मी खोका दारात ठेवायला सांगत नाही, कुरियरच्या ऑफिसातून स्वतः उचलून आणते. मागवण्याआधी जिवंत पोचण्याची हमी आणि तिची मुदत वाचून घ्या. बऱ्याच ठिकाणी खोका आल्यावर काही तासांत फोटो पाठवावा लागतो.

खर्च कमी करायचा असेल तर अंगणात जाळं घेऊन फिरू नका, डुबियाच घरी वाढवा. झाकणाला जाळी लावलेला प्लॅस्टिकचा टब, अंड्यांचे ट्रे, खाली तीस अंशांच्या वर ऊब देणारी चटई, एवढंच लागतं. मादी थेट पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस. सुरुवातीचे काही महिने त्यातलं एकही झुरळ सरड्याला घालू नका, आधी टब भरू द्या. शेरू आता मोठा झालाय, त्याला रोज पालेभाजी आणि आठवड्यातून दोन-तीनदाच किडे लागतात, त्यामुळे आमचा एक टब पुरून उरतो. पिल्लू असेल तर त्याला रोज किडे लागतात, तेव्हा सुरुवातीला टबाबरोबर विकतचंही चालू ठेवा.