स्प्रिंगवालं काच फोडायचं टूल + बेल्ट कटर: चांगलंय, पण आधी आपल्या गाडीची काच बघा

सात-आठ महिने झाले घेऊन, रिव्ह्यू मुद्दाम उशिरा टाकतोय कारण आधी खरंच वापरून बघायचं होतं, पॅकिंग छान आहे एवढंच लिहून काय उपयोग. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे भंगारात काढायची एक गाडी पडून होती, त्याला विचारून तिच्यावर सगळं करून बघितलं, गॉगल आणि जाड हातमोजे घालून.

मागच्या दरवाजाच्या काचेच्या कोपऱ्यात टोक टेकवलं, दाबलं, आतली स्प्रिंग सुटली आणि अख्ख्या काचेचा चुरा झाला! जोर असा लागलाच नाही. हातोडीवाल्या टूलला हात मागे न्यायला जागा लागते, चेपलेल्या गाडीत ती कुठून मिळणार, आणि पाण्यात तर हात जोरात फिरतच नाही, त्यामुळे माझं मत स्प्रिंगवाल्यालाच.

मग पुढची काच. पाच-सहा वेळा मारलं, टिकलीएवढे खड्डे पडले, बाकी काही नाही. यात टूलचा दोष नाहीये, ती काच लॅमिनेटेड असते, दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा थर, तडकली तरी जागची हलत नाही. पण हल्ली बऱ्याच नव्या गाड्यांना बाजूच्या काचासुद्धा लॅमिनेटेड येतात आणि विकणाऱ्याने वर्णनात बिनधास्त लिहिलंय "कुठलीही काच फुटते". हे चुकीचं आहे, एक स्टार याच्यासाठीच कापला. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने 2019 मधे अशी सहा टूल्स तपासली होती, चारांनी टेम्पर्ड काच (म्हणजे फुटली की चुरा होणारी) फोडली, लॅमिनेटेड एकानेही नाही. बऱ्याच गाड्यांत काचेच्या कोपऱ्यात टेम्पर्ड की लॅमिनेटेड ते छापलेलं असतं, आजच जाऊन बघा, घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा कुठली काच फुटेल.

बेल्ट कटर मस्त. ब्लेड खाचेच्या आत आहे त्यामुळे बोट कापायची भीती नाही, फक्त बेल्ट ताणून धरा आणि तिरकं ओढा, सैल बेल्ट गोळा होऊन खाचेत अडकतो, माझा दोनदा अडकला. गाडी उलटी असेल तर माणूस बेल्टला लटकलेला असतो, त्याला खालून नीट आधार दिल्याशिवाय बेल्ट कापायचा नाही, नाहीतर सगळं वजन डोक्यामानेवर येतं.

आणि टूल हातात आहे म्हणून कोणाला ओढून काढायची घाई प्लीज करू नका. आग लागली असेल, गाडी पाण्यात जात असेल तर गोष्ट वेगळी. एरवी इग्निशन बंद करा, हँडब्रेक लावा, फोन करा, आणि आत जायचंच असेल तर माणसापासून सगळ्यात लांबची काच फोडा, मग त्याचं डोकं दोन्ही हातांनी आहे तसं स्थिर धरून बोलत रहा. न उघडलेल्या एअरबॅगच्या समोर वाकू नका, बॅटरी काढली तरी थोडा वेळ तिच्या सर्किटमधे चार्ज राहतो. रेस्क्यूवाले आले की आधी गाडीखाली ठोकळे लावून ती हलणार नाही असं करतात, मग हायड्रॉलिक कटर-स्प्रेडरने पत्रा, पिलर कापून माणसाभोवतीची गाडीच बाजूला करतात. वेळ लागतो, बघणाऱ्यांना वाटतं उगाच रेंगाळतायत, पण मणक्याला मार असेल तर एका हिसक्यात आयुष्यभराचं नुकसान होऊ शकतं.

ठेवायचं कुठे, तर डॅशबोर्डच्या कप्प्यात नको, धडकेत कप्पा जाम होतो. मी सीटच्या बाजूला क्लिपने लावलंय, बेल्ट लावलेला असताना दोन्ही हातांनी पोचतं का ते बसून बघितलं. क्लिप मात्र जरा ढिली आहे, वरून टेप मारावी लागली.

4 स्टार.