'चुंबक लावून बघा' म्हणणाऱ्या जाळीवाल्यापासून सावध राहा

किनाऱ्याजवळ घर आहे आणि पडवी, गॅलरी किंवा ओटा जाळीने बंद करून घ्यायचा विचार चाललाय, अशांनी हे जरूर वाचा. 'एसएस 304' (स्टेनलेस स्टीलचा एक चांगला ग्रेड) म्हणून पैसे घेऊन आमच्याकडे भलतीच जाळी बसवली गेली. माल अस्सल आहे हे पटवायला जी कसोटी दाखवली, तिच्यात हा फरक कळूच शकत नाही, आणि तीच कसोटी आज सगळीकडे दाखवली जातेय.

आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात, रात्री समुद्राची गाज ऐकू येते इतकं जवळ. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे लांब पडवी. आईबाबा सत्तरीपुढचे, त्यांची संध्याकाळ पडवीतच जाते. वाडीत डेंग्यूचे पेशंट निघाल्यावर पडवीला जाळी लावायचं ठरलं. फायबरची जाळी स्वस्त पडते आणि गंजतही नाही, पण आमच्याकडे माकडं फार. ती जाळी फाडून आत शिरतात. म्हणून ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टीलची जाळी.

फॅब्रिकेटर माणूस बोलायला गोड. जाळीचा तुकडा आणि लोहचुंबक खिशातच घेऊन आलेला. चुंबक बाबांच्या हातात देत म्हणाला, "काकानू, तुम्हीच लावन बघा. चिकाटला तर एक रुपयो घेवचंय नाय." बाबांनी लावून बघितलं, चिकटलं नाही. सौदा तिथेच पक्का झाला, ॲडव्हान्स दिला गेला.

आता या चुंबकाचं नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक इथेच आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये 304 म्हणजे साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. निकेल महाग. म्हणून स्वस्त मालात निकेल कमी करून त्याजागी मँगनीज घालतात. ती 200 सीरिज: 201, 202 वगैरे. या मालालाही चुंबक चिकटत नाही! चुंबकाने फार तर साधं लोखंड किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) ओळखता येईल. 202 आणि 304 वेगळे करता येणार नाहीत. उलट अस्सल 304 ची तार ओढून बारीक करताना तिच्यात थोडं चुंबकत्व येऊ शकतं. म्हणजे खरा माल किंचित ओढला जाईल आणि हलका माल पास होईल. धंद्यात मुरलेल्या माणसाला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

पावसाळ्याआधी काम झालं, दिसायला झकास. श्रावणात फ्रेमच्या खालच्या पट्टीलगत, जिथे रबर दाबून जाळी धरलेली असते तिथे, तपकिरी रेघ दिसायला लागली. पाणी आणि खार तिथेच साचून राहतो. मग जिथे आडवी-उभी तार एकमेकींवरून जाते, तिथे ठिपके उठले. आई फडक्याने पुसायची, फडकं तांबूस व्हायचं. दिवाळीच्या साफसफाईत ती खालची कड पुसत होती, तर जाळी बोटाच्या दाबाने चरचरत तुटली. तारा खडूसारख्या मोडत होत्या.

फोन केला तर उत्तर तयार: "समुद्राच्या हवेत सगळाच गंजतला." यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते खपून जातं. 304 वरही खाऱ्या हवेत तपकिरी डाग येतात. ते गोड्या पाण्याने अधूनमधून धुवावे लागतात. अगदी किनाऱ्यालगत तर 316 घ्यावं, त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते खाराला जास्त टिकतं. पण डाग पडणं वेगळं आणि एका पावसाळ्यात तार मोडणं वेगळं.

उरलेला, न बसवलेला जाळीचा तुकडा माळ्यावर होता. तो घेऊन मी एका भंगारच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्यांच्याकडे धातू तपासायची गन असते, माल घेताना रोज वापरतात. जाळीच्या भरपूर घड्या घालून गन लावली. मँगनीज नऊ टक्क्यांच्या वर, निकेल एक टक्क्याच्या आसपास. 202 मध्येसुद्धा किमान चार टक्के निकेल असावं लागतं. म्हणजे 304 सोडाच, हा माल 202 म्हणूनही विकायच्या लायकीचा नव्हता.

तिथून संशय फ्रेमवर गेला. ठरलं होतं अडीच बाय दीड इंचाचं सेक्शन, म्हणजे फ्रेमची पोकळ चौकोनी पट्टी, 1.2 मिमी जाडीच्या पत्र्याची. असा 12 फुटी नग साधारण 2.35 किलो भरतो. आमच्याकडे पडून असलेला सहा फुटी तुकडा वाण्याच्या काट्यावर ठेवला, तर तो 900 ग्रॅमही भरेना. पावणेबाराशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवा होता. जाडी 0.9 निघाली. पावडर कोटिंगखाली ही जाडी डोळ्यांना कळत नाही. फॅब्रिकेटर ॲल्युमिनियम विकत घेतो किलोवर आणि आपल्याला काम देतो स्क्वेअर फुटावर. सेक्शन जितकं पातळ, तितका त्याचा फायदा, आणि आपला दर मात्र तोच. स्क्रूसुद्धा साधे, झिंक मारलेले लोखंडी. त्यांची डोकी गंजली आणि भोवतीच्या ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरली.

पैशांपेक्षा मला राग कशाचा आला सांगू? चुंबक बाबांच्याच हातात दिलं होतं. आयुष्यभर पै-पै जोडून घर उभं केलेला माणूस आता 'मीच बघून घेतलं होतं रे' म्हणत स्वतःला दोष देत बसतो. दोष त्यांचा नाही. ज्याने खोटी कसोटी खरी म्हणून दाखवली, त्याचा आहे.

तुम्ही काम देणार असाल तर जाळी फ्रेममध्ये बसायच्या आधीच तपासून घ्या. स्टील तपासायचं केमिकल हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात आणि ऑनलाइनही मिळतं, सोबत 9 व्होल्टची बॅटरी लागते. तारांचा जुडगा करून त्यावर थेंब टाकायचा, बॅटरीचं एक टोक धातूला आणि दुसरं थेंबाला काही सेकंद लावायचं. 200 सीरिजच्या मालावर थेंब लाल होतो. बाटलीसोबत रंगांचा तक्ता येतो, तो बघूनच ठरवा. ॲसिडसारखं द्रव्य आहे, हातमोजे घाला. हे नको असेल तर तुकडा घेऊन गन असलेल्या भंगारवाल्याकडे जा. दाखवायला आणलेला तुकडा तपासून उपयोग नाही. जो रोल तुमच्या अंगणात उतरलाय, त्यातलाच कापून घ्या.

तारेच्या गेजमध्येही, म्हणजे जाडीच्या नंबरात, गोंधळ घालतात. आकडा वाढला की तार बारीक होते: 32 गेज म्हणजे सुमारे 0.27 मिमी, 34 म्हणजे 0.23. 'साहेब, 34 देतो, दोन नंबर वरचा' असं कोणी म्हणालं तर तो तुम्हाला हलका माल देतोय.

आणि बिल. आमच्या बिलावर फक्त 'जाळी काम' आणि रक्कम. तुमच्या कोटेशनवर आणि पक्क्या बिलावर स्टीलचा ग्रेड, तारेची जाडी मिलिमीटरमध्ये, एका इंचात किती घरं, ॲल्युमिनियम सेक्शनची जाडी आणि 12 फुटी नगाचं वजन, स्क्रू कोणते, हे लिहून मागा. नाही म्हणाला तर दुसरा माणूस बघा, मग दर कितीही कमी असो.

आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तरी तो बधला नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. बिलावर ग्रेड नसला तरी त्याने व्हॉट्सॲपवर '304 ची जाळी आहे, काळजी नको' असं लिहिलेलं आहे, ते जपून ठेवलंय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोगाला मालाचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवता येतो. त्यामुळे काम झाल्यावर उरलेले तुकडे फॅब्रिकेटरला 'भंगार म्हणून घेऊन जातो' म्हणून नेऊ देऊ नका. जाळीचा हातभर तुकडा आणि सेक्शनचं एक टोक, त्याच्या सहीच्या चिठ्ठीसकट, घरात ठेवून द्या.