डेक्सा तपासणी: गुडघा वगळला तर अहवाल अर्धाच

मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या हाडांची घनता मोजायला आज डेक्सा ही क्ष-किरणांची तपासणीच सगळ्यात सोयीची. वेळ थोडा लागतो, सुई नाही, किरणांची मात्राही अगदी कमी. पण नेहमीच्या तपासणीत कंबरेचा मणका आणि खुबा एवढंच मोजतात. व्हीलचेअर वापरणाऱ्याला ते पुरत नाही.

इजेच्या पातळीखालची हाडं पहिल्या एक-दोन वर्षांत झपाट्यानं विरळ होतात. सर्वाधिक फटका गुडघ्याला बसतो: मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक. फ्रॅक्चरही बहुधा तिथेच होतं, तेही खुर्चीतून घसरणं किंवा पाय मुरगळणं एवढ्याशा कारणानं. मणक्याचा आकडा मात्र फसवा निघू शकतो. शस्त्रक्रियेत बसवलेले रॉड-स्क्रू आणि झिजेमुळे वाढलेलं हाड यंत्र घनतेतच धरतं. खुब्याभोवतीच्या स्नायूंत हाड तयार झालं असेल तर तिथेही तोच घोटाळा. इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्लिनिकल डेन्सिटोमेट्रीनं २०१९ मध्ये अशा रुग्णांसाठी खुब्यासोबत गुडघ्याच्या या दोन्ही जागा मोजायला सांगितलं, ते यासाठीच.

म्हणून वेळ ठरवतानाच विचारा: गुडघा मोजता का? अनेक यंत्रांत गुडघ्याचा तयार प्रोग्रॅम नसतो. जाणकार तंत्रज्ञ मणक्याचा प्रोग्रॅम वापरून मोजतो. अशा वेळी टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना) मिळत नाही, फक्त दर चौरस सेंटीमीटरला किती ग्रॅम हा आकडा मिळतो. तो निरुपयोगी समजू नका. त्याची खरी किंमत पुढच्या तपासणीत कळते, म्हणून तेच यंत्र, तोच पाय, तीच ठेवण, आणि मध्ये किमान १२ महिने. मोजलेल्या भागाच्या रेषा दिसतील अशी छापील प्रत मागून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी तुलना कशाशी करणार?

या सेवेची सगळ्यात कच्ची बाजू म्हणजे टेबलावर चढवणं. टेबल खुर्चीपेक्षा उंच असेल तर दोघं घाईघाईनं उचलतात, पाऊल फूटरेस्टमध्ये अडकतं आणि मांडी पिळली जाते. हाड मोडायला एवढं पुरतं. होइस्ट (माणूस उचलायचं यंत्र) आहे का, हे आधीच विचारा. नसेल तर फूटरेस्ट काढा, एकानं धड धरावं, दुसऱ्यानं दोन्ही पाय गुडघ्याखाली आणि घोट्याशी आधार देऊन एकत्र उचलावेत. पाय ओढू नये. गुडघा आखडलेला असेल तर तो दाबून सरळ करू देऊ नका. तिथे जोर लावला तर हाड तिथेच मोडू शकतं. उशीचा आधार घ्या, नाहीच जमलं तर दुसरा पाय मोजा. पायाच्या स्नायूंना आपोआप झटके येत असतील तर चित्र हलतं, त्यामुळे पाय पट्ट्यानं सैलसर धरायला सांगा.

बाकी तयारी किरकोळ: २४ तास आधी कॅल्शियमची गोळी बंद, कपड्यांना धातूची चेन नको.

एक गोष्ट डेक्साकडून मागू नका. गुडघा अचानक सुजला, गरम लागला, झटके वाढले, किंवा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर वा त्यावर इजा असताना एकाएकी डोकं ठणकून घाम फुटला, तर दुखत नसलं तरी फ्रॅक्चरची शंका घ्या. तेव्हा घनतेच्या तपासणीची तारीख घेत बसू नका. रक्तदाब वाढलाय का ते बघून घ्या आणि त्याच दिवशी एक्स-रे काढा.