एक वर्ष, ३,४१२ चित्रं आणि एकाचंही नाव नाही: इन्स्पिरेशन ॲप वापरानंतरचा अनुभव

काल सकाळी दूध तापत ठेवलं आणि मोबाईल वाजला, खात्यातून ४,७९९ गेले. ॲपच्या वर्षाच्या वर्गणीचं ऑटोपे. चोवीस तास आधी मेसेज येतो हे मला माहितीये, तो आलाही होता, पण वीजबिल, कुरिअर आणि कुठल्यातरी लोनच्या मेसेजांत दबून गेला. म्हणजे चूक माझीच, तरी राग ॲपवाल्यांवरच काढणारे. दूध उतू गेलं ते वेगळंच.

ॲपचं नाव लिहीत नाही, रिफंडचं भांडण चालू आहे. कल्पना सुचाव्यात म्हणून इतरांची चित्रं बघायचं आणि साठवायचं ॲप. इलस्ट्रेशन-डिझाइनमधल्या लोकांना वेगळं सांगायला नको, बोर्ड बनवा, रंगावरून शोधा, "यासारखं अजून" दाबा, तेच सगळं. तिसऱ्या महिन्यात मी याला साडेचार स्टार देऊन वर "डोळे झाकून घ्या" असं लिहिलं होतं. ते वाचून ज्यांनी घेतलं त्यांनी माफ करा.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. फोन गरम होतो, डार्क मोडमध्ये पिवळा मळका दिसतो, चालतं. माझं डोकं फिरलंय ते एकाच गोष्टीवरून: चित्र कुणाचं ते कळत नाही. दाबलं की "अमुक युजरने सेव्ह केलं". त्याने कुठून घेतलं? तमुक युजरकडून. आणि त्याने? परत तेच. म्हणजे शेजारच्या काकूंना त्यांच्या जावेने सांगितलं, जावेला कुणीतरी बसमध्ये सांगितलं, अशातली गत. सुरुवातीला मला याचं काही वाटलं नाही. चित्र आवडलं ना, मग नाव घेऊन काय करायचंय, असंच वाटायचं.

मग सांगलीच्या एका हळदवाल्यांचं लेबल आलं. पाकिटावर नऊवारीतली बाई हवी. मी ॲपवर शोधलं, चाळीसेक चित्रं बोर्डावर टाकली, त्यावरून स्केच करून पाठवलं. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या आई होत्या, ऐंशीच्या पुढच्या. चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हिचा काष्टा कुठाय? दोन पावलं चालली तर लुगडं सुटंल की. आन् नथ उजवीकडं कुणी घातली?" मला अक्षरशः घाम फुटला. माझ्या आजीची नथ मी लहानपणापासून डाव्या नाकपुडीत बघितलीये, आणि हाताने काढताना उजवीकडे काढली, कारण चाळीस चित्रं बघून डोळाच बिघडला होता. परत जाऊन बघितलं तर निम्म्याहून जास्त एआयची असावीत, एका बाईची नथ तर दोन नाकपुड्यांच्या मधोमध लटकत होती आणि पदर दोन्ही खांद्यांवर. खाली नाव असतं तर निदान पहिल्या मिनिटात कळलं असतं की हे कुणी माणसाने काढलंय की नाही.

तेव्हा दोन स्टारवर आणलं. आणि ठरवलं, सगळं एक्स्पोर्ट करून बाहेर पडायचं. झिप फाइल आली. ३,४१२ चित्रं, नावं ०००१ पासून ३४१२ पर्यंत. लिंक नाही, तारीख नाही, मी हाताने लिहिलेल्या टिपासुद्धा नाहीत. सपोर्टच्या चॅटवर विचारलं तर "तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे". तीन वेळा तेच वाक्य. चौथ्या वेळी मी तेच वाक्य त्यांना परत पाठवलं, तर म्हणे धन्यवाद!

मग हट्टाला पेटले आणि रोज रात्री जेवणं झाल्यावर रिव्हर्स इमेज सर्च लावायला लागले, म्हणजे चित्रच टाकून ते मूळ कुठलं ते शोधायचं. नवरा म्हणतो कोडी सोडवल्यासारखं चाललंय, पण या उद्योगातूनच वर्षभरातली सगळ्यात भारी गोष्ट हाती लागली. ०४१७. लाल तोंड, उघडा जबडा, तोंडातून निघून चेहराभर पसरलेल्या जाड लाटा, जणू किंकाळीच काढलीये. मी समजत होते इन्स्टावरचा कुणी नवा पोरगा असेल, आयपॅडवाला. निघालं १९६४ चं पोस्टर! पोलंडच्या यान लेनित्साने एका ऑपेरासाठी केलेलं. एवढं कळल्यावर झोप कुठली येतीये, त्या नावाच्या मागे तिथलाच पोस्टरवाला हेन्रिक तोमाशेव्स्की आला, त्याच्या मागे अख्खी पोलिश पोस्टरवाल्यांची फळी, मग वॉर्सॉमधल्या विलानूवचं १९६८ साली उघडलेलं पोस्टर म्युझियम, जगातलं अशा प्रकारचं पहिलं. तेव्हा तिथे सरकारच पोस्टर करून घ्यायचं, त्यामुळे गल्ल्यासाठी हिरोचा मोठा चेहरा टाकायची सक्ती नव्हती, आणि या लोकांनी त्याचा पुरेपूर फायदा उचलला. हेच चित्र माझ्या बोर्डावर आठ महिने पडून होतं आणि मी त्याच्यातला फक्त लाल रंग उचलत होते.

फुकटातलं सांगायचं तर न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या कामांचे फोटो सगळ्यांना वापरायला मोकळे केलेत, आणि प्रत्येक चित्राखाली कुणी, कधी, कशावर, केवढं, सगळं असतं. चार हजार आठशे भरणाऱ्याला जे मिळत नाही ते तिथे न भरता. अडचण एवढीच की आजच्या लोकांचं काम त्यात सहसा येत नाही, साहजिक आहे. आपल्याकडे चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट, म्हणजे चित्रकार वासुदेव गायतोंडे २००१ ला गेले तर २०६१ संपेपर्यंत थांबा.

मग आजचं बघायला जायचं कुठं? मी डेक्कन क्वीन पकडली. सव्वासातला पुणं, साडेदहाच्या आसपास सीएसएमटी, तिथून पायी काळा घोडा, अकराला जहांगीर आर्ट गॅलरी उघडते. ती १९५२ पासून आहे आणि आत जायला पैसे लागत नाहीत, तरी मी कॉलेजनंतर गेलेच नव्हते. एका खोलीत सोलापूरकडचे एक काका स्वतःच्या चित्रांजवळ खुर्ची टाकून डबा खात बसलेले. भिंतीवर मोठा राखाडी-निळा कॅनव्हास, घराची मागची बाजू, बाकी काही नाही. पण तो निळा आतून तापल्यासारखा दिसत होता. मोबाईलवर फोटो काढला तर नुसता राखाडी. विचारलं, तर हात पुसत उठले आणि म्हणाले, "समोरून नको बघू, कडेला ये." कॅनव्हास जिथे फ्रेमवर दुमडून ठोकलेला असतो तिथे खालचा थर तसाच दिसत होता, विटेसारखा लाल, ओघळलेला, आणि त्यात ब्रशचा एक केस चिकटलेला. आधी सगळा लाल, वाळला की त्यावर निळा पातळ. मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, त्यांच्या नावासकट. येताना बाहेरच्या फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्या दोघांशी गप्पा झाल्या, तीसुद्धा नावं लिहिली. तिकीट, चहा, दोन वडापाव धरून ॲपच्या पैशात अशा चार-पाच चकरा आरामात होतात. हळदीचं लेबल शेवटी लालावर पातळ पिवळा टाकूनच केलं. नथ डावीकडे.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट. हे लिहिता लिहिता ॲप डिलीट करायला घेतलं आणि हात थांबला. रंगावरून शोधायची सोय खरंच चांगली आहे. मागच्या महिन्यात एका लग्नपत्रिकेसाठी जांभळाच्या सालीचा रंग हवा होता, फोटो टाकला आणि दोन मिनिटांत काम झालं. एवढ्यासाठी अर्धा स्टार परत. म्हणजे अडीच. घ्यायचंच असेल तर महिन्याचं घ्या, आणि पैसे भरल्या भरल्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे बंद करा, उद्यावर टाकू नका.

रिफंडचं काल रात्रीपर्यंत "रिव्ह्यूमध्ये आहे". माझ्याकडे ६३८ नावं लागलीयेत, बाकीची चालू आहेत. २२०६ काही केल्या सापडत नाहीये: निळं दार, एक फळी निघालेली, समोर पाठमोरी शेळी, आणि शेळीची सावली दारावर पडायच्या ऐवजी दाराच्या आत गेलीये. लिनोकट (लिनोलियमवर कोरून काढलेला छाप) वाटतंय. कुणी ओळखत असेल तर सांगा.