‘रिकंडिशन्ड’ म्हणून मला नुसता रंग मारलेला गिअरबॉक्स विकला, एमजीबीवाल्यांनी वाचाच

मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो, मूळचा सांगलीचा. माझ्याकडे १९७२ ची एमजीबी जीटी आहे, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. पहिल्या तीन गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये घर्रर्र आवाज यायला लागला, चौथा टाकला की एकदम शांत. ज्यांना माहिती आहे त्यांना लगेच कळेल, चौथ्या गिअरला ताकद सरळ आरपार जाते, लेशाफ्टवर (गिअरबॉक्समधल्या खालच्या मधल्या दांड्यावर) लोड येत नाही, म्हणजे दुखणं लेशाफ्टचंच. ह्या गिअरबॉक्सचं ते जुनंच दुखणं आहे. मला हे तेव्हाही माहीत होतं, पण गिअरबॉक्स स्वतः कधी उघडला नव्हता म्हणून हिंमत झाली नाही आणि तिथेच मी अडकलो.

ऑनलाइन जाहिरात दिसली: पूर्ण रिबिल्ड (उघडून, झिजलेले भाग बदलून परत जोडलेला), नवीन लेशाफ्ट, नवीन बेअरिंग, नवीन सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या), ओव्हरड्राइव्हसकट (हायवेसाठीचा जादा गिअर), जुना द्या नवा घ्या, ७८० पौंड. फोन केला तर माणूस इतकं व्यवस्थित बोलला की शंका यायचं कारणच नव्हतं. १९६७ च्या शेवटापर्यंतच्या बॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो नसतो, तुमचा चारही सिंक्रोवाला ना, असं त्यानेच विचारलं, आणि ह्यात गिअर ऑइल घालायचं नाही, इंजिनचंच २०डब्ल्यू५० घालायचं हेसुद्धा. सगळं बरोबर होतं! मग म्हणाला कार्डाने नको, बँकेत टाका, ४० पौंड कमी करतो. आणि तुम्ही कशाला त्रास घेता, मीच व्हॅन घेऊन येतो, तुमचा जुना पण घेऊन जातो. मला वाटलं किती चांगला माणूस आहे. आता कळतंय की त्याचं वर्कशॉप मी बघूच नये म्हणून तो आला होता, माझ्याकडे त्याचा पत्ताच नव्हता, फक्त फोन नंबर.

बॉक्स दिसायला चकचकीत, चंदेरी रंग, नवे गॅस्केट. जाताना म्हणाला तेल भरलेलं आहे, रनिंग-इनचं (नवे भाग सरावेपर्यंतचं) आहे, ५०० मैल काढू नका. ह्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात, मी आणि माझ्या मित्राने क्रेन भाड्याने आणून दोन वीकेंड घालवले बसवायला. पहिले काही दिवस मस्त चालली. साधारण दीडशे मैल झाल्यावर गाडी तापली की तोच आवाज, तेच तीन गिअर.

मग मी तेल काढलं. मधासारखं घट्ट आणि गंधकाचा वास, म्हणजे मागच्या चाकांच्या डिफरेन्शियलमध्ये घालतात ते ईपी तेल, जास्त दाब सोसणारं गिअर ऑइल. ज्या माणसाने मला स्वतःच्या तोंडाने हे घालू नका सांगितलं त्यानेच ते भरून दिलं, कारण घट्ट तेलात आवाज दबतो. तेलात नख बुडवलं तर चांदीसारखी चकमक वर आली.

परत दोन वीकेंड, परत सगळं बाहेर, आणि ह्यावेळी वर्कबेंचवर उघडलाच. साइड कव्हरच्या बोल्टांच्या आट्यांमध्ये रंग गेलेला, म्हणजे उघडून जोडला नाही, जोडलेल्यावरच रंग मारला. पुढचं एक बेअरिंग मात्र नवं, कारण पुढचं कव्हर काढून कोणी डोकावलं तर तेच दिसतं. लेशाफ्ट ठोकून बाहेर काढला आणि मला खरंच रडू यायचं बाकी राहिलं. जिथे नीडल बेअरिंग (सुयांसारख्या बारीक रोलरचे) फिरतात तिथे एका बाजूला टवके उडालेले, वरचा कडक थर सोलून निघालेला, नख फिरवलं तर अडकत होतं. नवा लेशाफ्ट आरशासारखा गुळगुळीत असतो. सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबून धरली तर रिंग आणि गिअरच्या दातांमध्ये फट जवळजवळ शून्य, म्हणजे रिंग पार झिजलेली. ड्रेन प्लगच्या बाजूला केसिंगला तडा होता तो इपॉक्सीने बुजवून वर रंग फासलेला.

फोटो पाठवले. आधी म्हणाला तुम्ही चुकीचं तेल घातलं असेल, मग ब्लॉक. बँक म्हणाली पैसे तुम्हीच पाठवलेत, वस्तू मिळालेली आहे, हा खरेदी-विक्रीचा वाद आहे. इथे १०० पौंडाच्या वरची आणि ३०,००० पर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ प्रमाणे कार्ड कंपनी पण जबाबदार धरता येते. ४० पौंड वाचवायला मी ते संरक्षण सोडलं. कोर्टात स्मॉल क्लेम करायला नाव-पत्ता लागतो, तो नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, रिबिल्ड म्हणून घेताय तर साइड कव्हर उघडं ठेवूनच दाखव म्हणा, उघडल्यावर निघालेला जुना लेशाफ्ट मागा, ज्याने खरंच बदललाय त्याच्याकडे तो असतो. आणि स्वतःचा जुना बॉक्स नवा शंभर-दोनशे मैल चालल्याशिवाय हातातून सोडू नका.

शेवटी तो बॉक्स मी घरीच दुरुस्त केला. लेशाफ्ट, नीडल बेअरिंग आणि थ्रस्ट वॉशर १०० पौंडाच्या आत आले, सिंक्रो रिंग वेगळ्या. नीडल बेअरिंग जागेवर धरायला लेगिअरच्या (लेशाफ्टवर फिरणाऱ्या गिअरच्या जुडग्याच्या) लांबीचा लाकडी दांडा घासून केला, ग्रीस लावून लेगिअर तळाशी ठेवला, बाकीचं बसवलं आणि मग खरा लेशाफ्ट हळूहळू सरकवला तसा दांडा दुसऱ्या बाजूने बाहेर आला. पाच संध्याकाळी लागल्या. आता तीनही गिअर शांत आहेत, पण केसिंग अजून तेच तडा गेलेलं.

माझा मूळचा बॉक्स त्याच्याकडे गेला, १९७२ पासून ह्याच गाडीत होता तो. बेलहाउसिंगच्या (बॉक्सच्या इंजिनला जोडायच्या रुंद तोंडाच्या) डाव्या कानावर कानशीने मारलेल्या तीन आडव्या खुणा आहेत, वरून रंग मारला असला तरी बोटाला लागतील. कुणाला विकायला आलेला दिसला तर प्लीज मला कळवा.